आतून कडी असलेली खोली

दुष्काळात गुरं छावणीला गेली, दूध आटलं आणि आमच्या भागातल्या सहकारी दूध संघाची इमारत ओस पडली. निम्मी गावं कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली, मागे उरलेली नुसती म्हातारी माणसं. तेव्हा संघाच्या अध्यक्षांना सुचलं, की या इमारतीत म्हाताऱ्या सभासदांसाठी घर काढावं. एकदा आत आलं की मरेपर्यंत दुसरीकडे जायला नको. मी सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून मला समितीवर घेतलं. बाकीची समिती चहा प्यायला होती.

तीन भाग मीच आखले. पहिल्यात हिंडती-फिरती माणसं: स्वतंत्र खोली, चूल, दाराला आतून कडी. दुसऱ्यात आधार लागणारी. तिथे जेवण आयतं, पण आतून कडी नाही. कुणी पडलं तर दार फोडत बसायला नको. तिसऱ्यात अंथरुणाला खिळलेली. कागदावर सगळं फार देखणं दिसत होतं.

वडिलांमागे सभासदत्व आईकडे आलं होतं आणि तिला पहिल्या भागातली खोली हवी होती. भाऊ पाटोद्याला मास्तर. त्याच्या घरी ती पडद्याआड झोपायची आणि तो पडदा कुणीही, केव्हाही सरकवायचं.

"लुगडं बदलायला बी न्हाणीत जावं लागतंय," ती म्हणाली. "कडी असलेली खोली दे बाई. दुसरं काई नगं."

माझ्या क्वार्टरला कडी होती. पण तिथे मला आई नको होती. आता या वयात खोटं कशाला बोलू?

कुणाला कुठे ठेवायचं, यावर घोळ झाला. विचारलं तर सगळेच म्हातारे ठणठणीत. इमारतीत नळ नव्हता. टँकरचं पाणी अंगणातल्या टाकीत पडायचं आणि पहिल्या भागातल्यांनी ते आपलं आपण न्यायचं होतं. मग मीच तोडगा काढला. भरलेली कळशी मध्ये न टेकवता टाकीपासून वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत जो नेईल, तो पहिल्या भागात.

"सिस्टर, लई डोकं हाय तुमाला," अध्यक्ष म्हणाले. मी फुगले.

निवडीच्या दिवशी आई पांढरं लुगडं नेसून आली. तिने कळशी भरली, कमरेवर घेतली आणि अशी ताठ चालत गेली, की बसलेले म्हातारे बोलायचे थांबले. एक थेंब सांडला नाही. टोकाला पोचून ती माझ्याकडे बघून हसली.

संघाच्या व्यवस्थापकाने कळशीत डोकावलं. "चार बोटं रिकामी हाय की ही!"

"मग?" आईला कळेचना. "काठोकाठ भरली तर सांडंल की. टँकरचं पानी कुनी सांडतंय का?"

तिच्या लहानपणी आमच्या लोकांना विहिरीला हात लावू देत नसत. कुणी वरून ओतेल तेवढं घ्यायचं, आणि सांडलं तर पुन्हा मिळायचं नाही. काठोकाठ भरणं तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं. मला हे माहीत होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं उद्या म्हणतील म्हणून मी घाबरले. भित्र्या माणसाला कठोर व्हायला वेळ लागत नाही.

"नियम भरलेल्या कळशीचा आहे," मी म्हणाले. "दुसरा भाग."

"कावून? परत आनते की. काठोकाठ आनते."

"एकदाच संधी." हा नियम मी तेवढ्यात, तिथल्या तिथे केला.

तिच्यानंतरच्या दोघींनी टाकीवर कळशी काठोकाठ भरली आणि निम्मं पाणी वाटेत सांडलं. फरशी भिजली, लुगडी भिजली, दोघी पास. मग अध्यक्षांच्या मावशीची पाळी आली. ती खुर्चीतून उठलीच नाही.

"तिनं जल्मात पानी भरलं न्हाई," अध्यक्ष म्हणाले. "घरी गडी होते. तिला कसं सांगायचं?"

समितीने माना डोलावल्या. कडीची शेवटची खोली मावशीला गेली. त्या कागदावर माझी सही आहे.

आईला दुसऱ्या भागात मीच नेऊन सोडलं. कपड्यांची पेटी घेऊन ती माझ्या पुढे चालली, तिचं तोंड मला दिसत नव्हतं. मला तेवढंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला गेले. तिचं दार ढकललं, तर उघडेना. आतून तिने कपड्यांची पेटी दाराला लावली होती.

"कोन हाय?"

"मी आहे, आई. पेटी काढ."

"लुगडं बदलाया लागले. थांब."

मी थांबले नाही. दुसऱ्या भागातलं दार कुठल्याही क्षणी उघडलं पाहिजे, असं मीच लिहून ठेवलं होतं आणि समोरच्या खोल्यांतली माणसं बघायला बाहेर आली होती. मी शिपायाला हाक मारली. आम्ही दोघांनी खांदा लावून दार आत लोटलं.