आत्याचा 'इफ'चा तास

माझी धाकटी आत्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची. खालच्या इस्त्र्यांची ऊब फरशीतून वर यायची, वाफेनं काचा धुरकट व्हायच्या, आणि कामावरून दमून आलेली माणसं अर्धवट झोपेत असल्यासारखी बोलायची. तास सुरू व्हायचा 'इफ आय वेअर'नं. म्हणजे, मी नाही, पण असतो तर. नळदुरुस्तीवाला म्हणे, मी ढग असतो तर दुपारभर नुसता पडून राहिलो असतो. कुणी 'वॉज' म्हणालं की आत्या म्हणायची, "वॉज म्हणजे होऊन गेलेलं. जे नाहीच, त्याला वेअर. आणि मोठ्यानं बोला. स्वप्न आहे, चोरी नाही."

तिचा एक नियम मात्र कडक. जमण्याजोग्या गोष्टीचा इफ चालायचा नाही. "इफ आय वेअर अ स्विमर" म्हणणाऱ्या बेकरीवाल्याला तिनं तासातून उठवून पोहायच्या तलावावर नाव नोंदवायला पिटाळलं होतं. मी तोंडाची फटकळ, म्हटलं, हे अतीच होतंय. पण तो पोहायला लागला, हेही खरं.

मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला, तो कायमचाच. आत्या दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला तिचा राग यायचा आणि रडूही यायचं. वर्ग बंद, खोली सोडायची, असं तिनं पाटीवर लिहून सांगितलं. निरोप घ्यायला म्हणून मी तिला धरून वर नेलं.

सगळे आले होते. आत्याला खुर्चीत बसवून जो तो आपापल्या बाकावर बसला. शेवटी शिंपीणबाई, वर्गातल्या सगळ्यांत भित्र्या, फरशीकडे बघत म्हणाल्या, "इफ आय वेअर द टीचर, आय वुड नॉट क्लोज धिस क्लास."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि खडू त्यांच्या हातात दिला. जमण्याजोगा इफ होता तो. "अहो बाई, मला कुठलं येतंय," असं त्या पुटपुटेपर्यंत आत्या त्यांच्या बाकावर जाऊन बसलीसुद्धा.

पहिलं वाक्य तिनंच केलं. नुसते ओठ हलले, इफ आय वेअर अ बेल, मी घंटा असते तर.

फळ्याकडे तोंड केलेल्या शिंपीणबाई सवयीनं म्हणाल्या, "मोठ्यानं बोला."

शिंपीणबाईंनी जीभ चावली. आत्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मग नळदुरुस्तीवाल्यानं तिचं वाक्य मोठ्यानं म्हटलं, आणि त्याच्यामागून सगळ्या वर्गानं. खोली काही आम्ही सोडली नाही.