मेलेली खोली

टेलिव्हिजन केंद्राच्या त्या इमारतीला रस्त्याच्या बाजूनं एकही खिडकी नव्हती. आजूबाजूचे लोक तिला आंधळी म्हणत. केंद्रातल्या सुतारमिस्त्रींना ते मुळीच खपत नसे. “आंधळी नाही, बहिरी म्हणा,” ते सांगत. आणि समोरच्याला वेळ असो वा नसो, ती बहिरी कशी झाली ते ऐकवत.

आतला स्टुडिओ म्हणजे एका खोलीच्या पोटात दुसरी खोली. बाहेरची भिंत विटांची, मग वीतभर पोकळी, मग आतली भिंत. दोघींनी एकमेकींना कुठंही शिवायचं नाही. एक खिळा जरी आरपार गेला तरी त्यातून रस्त्यावरचा ट्रक आत शिरेल, अशी इंजिनिअरची ताकीद होती. जमीनसुद्धा रबराच्या ठोकळ्यांवर टेकवलेली. आतून भोकाभोकांच्या लाकडी फळ्या, त्यांच्यामागं लोकर. दार हातभर जाड, कडेनं रबरी पट्टी. लावताना हवा सुस्कारा टाकी. फळ्या आणि दार, दोन्ही मिस्त्रींच्या हातचं.

काम संपलं त्या दिवशी इंजिनिअरनं मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथं विरली. “मेली,” तो खूश होऊन म्हणाला. ज्या खोलीत आवाज भिंतींवरून परत येत नाही तिला त्या लोकांत मेलेली खोली म्हणतात. मिस्त्रींनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, “आज खोली मेली एकदाची.”

“काय बोलता हो, घरात तान्हं पोर आहे,” ती म्हणाली.

ते तान्हं पोर म्हणजे चिमी. पुढं मिस्त्री केंद्रातच नोकरीला लागले, सेट उभारायला. दारावरचा लाल दिवा लागला की आतला माणूस बाहेर येत नसे आणि बाहेरचा आत जात नसे. मिस्त्रींना त्या दिव्याचा इतका धाक, की ते दुपारी घरी आडवे झाले तर चिमी उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावी, “लाल आहे.”

ती सहा वर्षांची असताना तापानं फणफणली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वडिलांना बोलवून घ्या. बायको धावत केंद्रात आली. थेट प्रक्षेपण चाललेलं. तेवढ्या वेळात फोनच्या घंटाही बंद ठेवत. मिस्त्री आत एक लाकडी कमान धरून उभे होते. बाहेरच्या बोळात चिटपाखरू नव्हतं. तिनं दोन्ही तळव्यांनी दार बडवलं, हाका मारल्या, चिमीचं नाव घेतलं, आणि तशीच परत धावली. अर्ध्या तासानं दिवा विझला, तेव्हा गेटवाल्यानं मिस्त्रींना सांगितलं. ते पोचले तेव्हा चिमी गेली होती.

“मला ऐकू आलं नाही गं,” ते म्हणाले.

“आलं होतं,” ती म्हणाली. “लाल होता म्हणून तुम्ही हलला नाहीत.”

तेहतीस वर्षांत तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. संसार केला, धाकट्या मुलाचं लग्न लावलं, मिस्त्रींची पथ्यं सांभाळली. फक्त ते कधी म्हणाले, “मला ऐकू नाही आलं, परत सांग,” तर ती परत सांगत नसे.

मग नवं केंद्र गावाबाहेर झालं आणि जुनी इमारत पाडायची ठरली. मिस्त्रींनी ओळखीच्या अधिकाऱ्याला गाठून अर्ध्या तासाची परवानगी काढली.

“तू नुसती आत बसायचंस,” ते बायकोला म्हणाले. “मी बाहेरून दार बडवतो. मग तूच सांग.”

“उभी होती तोवर कधी नेलं नाहीत. आता पाडताना दाखवताय.” पण त्यांचं तोंड बघून ती चपला घालू लागली.

आत दिवे काढून नेलेले होते. मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात एक स्टूल शोधलं, रुमालानं पुसलं, तिला मधोमध बसवलं आणि बाहेर येऊन दार ओढलं. दार लागलं, पण सुस्कारा आला नाही. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. रबरी पट्टी कधीच वाळून गळून पडली होती. फटीतून करंगळी आत जात होती.

मिस्त्री तसेच उभे राहिले. आज राहू दे म्हणावं? हलकेच थापटावं? तळवा उचलला, पण तो हलका पडेना. तिनं बडवलं असेल तसंच त्यांनी बडवलं, दोन्ही हातांनी. आणि तिनं मारली होती तशी हाक मारली, “चिमे!” इतक्या वर्षांत ते नाव त्यांनी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

त्यांनी दार उघडलं. ती हात मांडीवर ठेवून बसली होती.

“आलं,” ती म्हणाली. “सगळं ऐकू आलं. तिचं नावसुद्धा.”

रबर गेलंय गं, हे शब्द मिस्त्रींच्या तोंडाशी आले. ते खरेही होते. पण तिच्यासमोर उभं राहून चौकटीकडं बोट दाखवणारा माणूस तिला कसा दिसेल, ते त्यांना कळलं. शब्द त्यांनी गिळले.

“हात देऊ का उठायला?” त्यांनी विचारलं.

“उठते माझी मी,” ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.