मानाचा नारळ आणि माझं अनुदान

माझ्या आयुष्यातला पहिला सत्कार लालबागच्या एका खोलीत झाला, आणि त्यात माझ्यापेक्षा नारळाचीच चर्चा जास्त झाली. मी सत्कारमूर्ती म्हणून खुर्चीवर बसलो होतो, गळ्यात झेंडूचा हार होता, आणि समोरून वडील अशा नजरेने बघत होते की हाराच्या जागी त्यांना दोर दिसत असावा.

खोली आमच्या गावाची होती. गिरणगावात तेव्हा कोकणातल्या बहुतेक गावांची अशी खोली असे. बायकामुलं गावाला ठेवून आलेले पुरुष तिथे पाळीपाळीने झोपत. एकाची रात्रपाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळली जाई. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी आणि खाली एक पेटी. सामानाला जागा एवढीच, मानपानाला मात्र भरपूर. गावच्या जत्रेत पहिला नारळ कुणाचा यावरून डोकी फुटत, म्हणून इथे मुंबईत त्याचा कायमचा निकाल लावला होता. भिंतीवर फेटेवाल्या, मिशाळ गृहस्थांचा एक फोटो होता. गावातून मुंबईला आलेला पहिला माणूस तो. दर वर्षीच्या सभेत मानाचा नारळ त्याच्यापुढे फुटे.

मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकत होतो. एका ट्रस्टने निबंधाचं बक्षीस जाहीर केलं होतं. विषय होता मुंबईत बाहेरून येऊन वसलेल्या लोकांचा इतिहास. पारशी, इराणी, गुजराती यांच्यावर निबंध येतील अशी परीक्षकांची कल्पना असावी. मी आमच्या खोलीवर लिहिला आणि बक्षीस घेऊन घरी आलो.

वडील गिरणीत टाइमकीपर होते आणि गावच्या मंडळाचे चिटणीस. त्यांचा चेहरा आधी उजळला.

"विषय काय होता?"

"बाहेरून आलेले लोक."

"मग त्यात आपण कुठे येतो?"

"आपण कोकणातून आलो ना, बाबा."

त्यांनी उठून खिडकी लावली. खालून मोर्चा चालला होता. मुंबई कोणाची ते सगळ्या लालबागला ऐकू जात होतं.

"हळू बोल. सगळा गाव रस्त्यावर मुंबई आमची म्हणून घसा फोडतोय, आणि तू लेखी देऊन आलास की आम्ही पाहुणे?"

"पाहुणे नाही लिहिलं. गिरण्या ज्यांनी चालवल्या ते इथे आले कसे, एवढंच लिहिलंय."

"बक्षीस परत करता येतं का?"

येत नव्हतं. शिवाय बातमी खोलीवर पोचली होती. मंडळाने माझा सत्कार ठरवला, आणि वर एक गोष्ट ठरवली जी ऐकून मी जिन्यातच बसलो. मंडळाच्या शिक्षण फंडातून मला एम.ए.साठी अनुदान द्यायचं, म्हणजे हाच अभ्यास पुढे नेता येईल. सभेत हात वर करून मंजुरी घ्यायची होती. ती मिळाली नाही, तर वडिलांनी गिरणीच्या ऑफिसात माझ्यासाठी एक स्टूल बघूनच ठेवलं होतं. ते स्टूल मी पाहिलं होतं. त्याला पाठ नव्हती.

सभेच्या दिवशी सकाळी वडिलांनी निबंध पहिल्यांदा नीट वाचला, आणि चहा निवला तरी पेला उचलला नाही.

त्यांना अडवणारा परिच्छेद मला काकीने दिला होता. काकी ही फोटोतल्या गृहस्थांची विधवा. खोलीतली निम्मी माणसं तिच्या खानावळीत जेवून मोठी झाली होती. मी तिला सहज विचारलं होतं, तुमच्या यजमानांना मुंबईला आणलं कुणी? तिने सुकटीची डोकी मोडत मोडत सांगून टाकलं. त्यांच्या आधी गावातून एक माणूस आला होता, आणि त्यानेच त्यांना इथे उभं केलं. तो गावाबाहेरच्या वस्तीतला होता. त्या वस्तीची खोली वेगळी होती, परळला. आमच्या मंडळाच्या पाटीवर 'समस्त ग्रामस्थ' असे शब्द होते, पण सभेचं बोलावणं त्या खोलीला कधी गेलं नव्हतं. नुकतीच ती सगळी मंडळी बौद्ध झाली होती.

वडिलांनी पेन्सिलीने परिच्छेदाला कंस घातला. "हे वाचायचं नाही."

"पण खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच म्हणतो. खोटं असतं तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं."

तर असा मी हार घालून उभा राहिलो. नारळ ताम्हनात वाट बघत होता. निबंधाचं वाचन, मग नारळ, मग अनुदान, असा क्रम होता. मी खोलीचं, पेट्यांचं, पाळ्यांचं वर्णन वाचलं, लोकांनी स्वतःची नावं ओळखून माना डोलावल्या, आणि कंस आला तसा मी त्यावरून अलगद उडी मारून पुढच्या पानावर उतरलो.

"थांब रे झिला," दाराशी बायकांत बसलेली काकी म्हणाली. "माझा सांगलेला खय गेला?"

वडील खोकले. अध्यक्षांनी वळून पाहिलं. अध्यक्ष म्हणजे जॉबर, गिरणीत माणसं भरणारा मुकादम, मागाच्या खडखडाटावरून ओरडायची सवय असलेला माणूस. "काय सांगितलंत, काकी?"

"ह्यो," तिने फोटोकडे बोट केलं, "बोटीतून उतारलो तेव्हा ह्येका एक कुत्रो वळखीत नव्हतो. शिवडीच्या गोदामात आपल्या गावचो तो होतो. तेना ह्येका न्हेलो, आपल्या ताटलीत पेज घातली, आणि दुसऱ्या दिवशी जॉबराकडे नेऊन उभो केलो. मरेपर्यंत माका सांगी. तुमका सांगूक ह्येका धीर नव्हतो."

तो म्हणजे कोण, हे तिने नाव घेऊन सांगितलं.

मला वाटलं, आता त्या वस्तीतल्या ताटलीवरून स्फोट होणार. अध्यक्षांनी फोटोकडे पाहिलं, ताम्हनाकडे पाहिलं, आणि ज्याची कुणालाच कल्पना नव्हती असा प्रश्न विचारला.

"म्हणजे मग नारळ कुणाचा?"

आणि सभा त्या नारळावर तुटून पडली.

"पहिला आला त्याचा मान. नियम म्हणजे नियम."

"देवळात चालेल हे?"

"देवळाचं देवळात. ही खोली लालबागला आहे."

"आधी या पोराचं अनुदान बंद करा," मागून कुणीतरी म्हणालं. "याला अजून शिकवलंत तर पुढच्या वर्षी सगळ्यांचे आजोबा बदलून ठेवील."

यावर बरेच हसले, आणि मला ते बिनपाठीचं स्टूल डोळ्यांपुढे स्पष्ट दिसलं.

अध्यक्षांनी निकाल दिला. त्या माणसाचा नातू परळच्या खोलीत राहत होता, आजोबासारखाच शिवडीच्या गोदामात कामाला. आठवड्यापूर्वीच्या मोर्चात अध्यक्षांनी आणि त्याने एकाच फलकाचे दोन बांबू धरले होते. त्याला बोलवायचं. आता बोलावणं कुणी न्यायचं, तर चिटणिसांनी. वडिलांनी टोपी घातली, माझ्याकडे एक नजर टाकली, आणि गेले. परत येईपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

नातू आला तो पांढरा शर्ट घालून. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला. या खोलीचा उंबरा त्याने कधी ओलांडला नव्हता, हे सगळ्यांना त्याच क्षणी आठवलं असावं, कारण सगळे एकदम "या, या" म्हणाले.

अध्यक्षांनी ताम्हन दोन्ही हातांनी पुढे केलं. आपला मोठेपणा सगळ्यांना दिसावा म्हणून ते थोडे वाकलेही. "गावातून पहिले तुमचे आजोबा आले. पहिला मान त्यांचा. हा नारळ तुमच्या हाताने फोडा."

नातवाने नारळाकडे पाहिलं. "माफ करा, अध्यक्ष. आम्ही नारळ फोडणं सोडलं."

"सोडलं म्हणजे?"

"बौद्ध झालो ना. देव, नवस, नारळ, सगळं सोडलं."

"अहो, पण हा मान आहे."

"तेच म्हणतो. आम्ही सोडला, आणि नेमका तेव्हा मिळायला लागला."

ज्या नारळासाठी गावात भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, तो नको म्हणणारा माणूस त्या खोलीने पाहिलाच नव्हता. अध्यक्ष ताम्हन धरून तसेच उभे. शेवटी त्यांनी जवळजवळ विनवणीच केली, "मग तुम्हाला द्यायचं तरी काय?"

त्याने भिंत बघितली. "फोटो म्हणावा तर आजोबांचा फोटो नाही. कुणी काढलाच नाही." मग तो माझ्याकडे वळला. "तू लिहिलंयस म्हणे. नाव घातलंयस त्यांचं?"

"घातलंय."

"वाच."

मी वडिलांकडे पाहिलं. ते टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होते. मी कंसातलं वाचलं. पेज, ताटली, जॉबर, आणि पूर्ण नाव, आडनावासकट. तो उभ्यानेच ऐकत होता.

"परत वाच," तो म्हणाला. मी परत वाचलं.

"झाला मा वाचून?" काकी उठली. "आता तो नारळ असोच ठेवतल्यात काय?" आणि कुणाला काही कळायच्या आत तिने तो ताम्हनातून उचलून उंबऱ्यावर आपटला. विधवेच्या हातून मानाचा नारळ. एरवी यावर तीन सभा झाल्या असत्या, पण एवढे धक्के बसून गेल्यावर कुणाच्या अंगात नव्या धक्क्याला जागा राहिली नव्हती. तिने पहिला तुकडा नातवापुढे धरला. "आता ह्याका पण नको म्हणतलंस?"

"खोबऱ्याशी आमचं भांडण नाही, काकी," तो हसून म्हणाला आणि अध्यक्षांच्याच पेटीवर बसून खाऊ लागला.

तोंडात खोबरं असताना अनुदानाचा ठराव आला. आधी नातवाचा हात वर गेला. मंडळाचा सभासद नसलेल्याला मत देता येत नाही, हे सांगायला वडील उभे राहिले, त्यांनी पाटीवरच्या 'समस्त ग्रामस्थ' या शब्दांकडे पाहिलं, आणि खाली बसले. मग बाकीचे हात वर गेले. सगळे नाही, पण पुरेसे.

वडिलांनी ठराव आपल्या टाइमकीपरच्या अक्षरात लिहिला: अनुदान मंजूर, मात्र उमेदवाराने पुढील अभ्यास अन्य गावाचा करावा.

मी शब्द पाळला. पुढच्याच महिन्यात घाटावरच्या एका गावाच्या खोलीत गेलो. लोक फार अगत्याचे; चहा मागवला, भिंतीवरच्या फोटोतल्या आपल्या पहिल्या माणसाची कीर्ती सांगितली. मी वही उघडून सहज विचारलं, यांना मुंबईला आणलं कुणी?

चहा ओतणाऱ्याचा हात तिथेच थांबला.