मेलेल्या आत्याचं एक वाक्य

एल्से माडसेन डेन्मार्कच्या सिनेमांत तेवीस वेळा मेली, आणि एकदाही बोलून मेली नाही. पहिला नवरा दिग्दर्शक होता. त्यानं तिला अकरा चित्रपटांत मारलं आणि बाराव्यात ती मेल्यावर शिंकली म्हणून काडीमोड घेतला. दुसरा शिकागोचा, फ्रिज विकणारा. एका सकाळी तो न्याहारीच्या टेबलावर कोसळला, तेव्हा एल्से म्हणाली, "मान इतकी वाकडी पडत नाही, हॅरल्ड." तो खरंच गेला होता.

मग ती शिकागोतल्याच डेव्हन ॲव्हेन्यूवर, सुचित्राच्या साडीच्या दुकानावरच्या खोलीत राहायला आली आणि दुकानातल्या गप्पा ऐकून मोडकंतोडकं मराठी शिकली. इच्छा एकच उरली होती: खरं मरण येण्याआधी लोकांसमोर एक तरी वाक्य बोलायचं.

१९८५ च्या गणेशोत्सवात तिथल्या मराठी मंडळानं पुण्यात गाजलेलं एक नाटक बसवलं. दिग्दर्शन सुचित्राचं. नाटकातली आत्या पडदा उघडतो तेव्हाच मेलेली असते आणि तिन्ही अंक पलंगावर पडून राहते. ते काम घ्यायला एकही बाई तयार होईना.

"गणपतीत मढं व्हायचं?" सुनेचं काम करणारी नंदा म्हणाली. "सासूबाईंना कळलं तर पुढच्या फ्लाइटनं येतील!"

सुचित्रा जिना चढून वर गेली.

"मला एक वाक्य हवं," एल्सेनं अट घातली.

"मावशी, आत्या डेड आहे. डेड बाई काय बोलणार?"

"मला प्रत्येक दिग्दर्शक हेच सांगत आला," एल्से म्हणाली, पण आली.

तालमी सहा आठवडे चालल्या. भाच्याचं काम करणाऱ्या डॉ. प्रतापला काही पाठ होईना. तो पुन्हापुन्हा मागच्याच वाक्यावर जाई आणि प्रॉम्प्टर विनय ओरडे, "ते झालं, पुढचं!" चादरीखाली एल्से सगळं ऐकत पडलेली असे.

२१ सप्टेंबर, शनिवार. हॉल गच्च भरलेला. दुसऱ्या अंकात कपाटाच्या किल्लीची शोधाशोध सुरू झाली, आणि प्रतापच्या कमरेचा बीपर वाजला.

"सॉरी, डिलिव्हरी आहे!" म्हणत तो फोनकडे पळाला. नंदा कपाटाभोवती दोनदा फिरली. विनयच्या हातून वहीची पानं सांडली.

चादर हलली. मढं उठून बसलं आणि खणखणीत मराठीत म्हणालं, "आत्याची किल्ली नेहमी उशीखाली असते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पुण्यात ती उठत नव्हती," पहिल्या रांगेतले पुरुषोत्तमकाका म्हणाले.

"इथली ट्रीटमेंट चांगली आहे," काकू म्हणाल्या.

एल्से पुन्हा आडवी झाली, मान अगदी सरळ ठेवून. नंदानं उशीखालून किल्ली काढली, नाटक पुढे सरकलं. पाच मिनिटांनी प्रताप धापा टाकत परत आला आणि गरजला, "आत्याची किल्ली नेहमी..."

चादरीखालून आवाज आला, "ते झालं, पुढचं!"