संमेलनासाठी निवडलेली तबकडी

आमच्या कल्याणच्या मुलींच्या शाळेत स्नेहसंमेलनाला दरवर्षी टिपऱ्या आणि कोळ्यांचा नाच होत असे. मी दहावीत असताना रेल्वेतल्या एका बड्या अधिकाऱ्याची पत्नी पाहुणी म्हणून यायची ठरली, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एक इंग्रजी नाच बसवायचा हुकूम काढला. काम शिवणाच्या बाईंच्या गळ्यात पडलं. ज्यांना नाही म्हणणं परवडत नव्हतं अशा त्या एकट्याच होत्या.

त्या रजेच्या जागेवर आल्या होत्या. रजेवर गेलेल्या बाईंनी राजीनामा पाठवल्यावर ती जागा आपल्याला मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला. मोठ्या बाईंनी उत्तर दिलं ते वर्गाच्या दारात, आमच्यासमोर. "संमेलन पार पडू दे. मग बघू." शिवणाच्या बाई विधवा होत्या, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन पारनाक्याजवळ एका खोलीत राहत. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. आम्ही त्यांना 'बदली' म्हणत असू, आणि तेही त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं.

तबकड्या आणायला मला पाठवलं. माझे वडील पार्सल ऑफिसात होते, आम्ही रेल्वे कॉलनीत राहत होतो आणि दोन चाळी सोडून एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचं घर होतं. त्याच्या बायकोला सगळे मड्डम म्हणत. तिनं तीन तबकड्या काढल्या आणि देण्याआधी तिन्ही वाजवून दाखवल्या. तिसरी लागली तशी ती गिरक्या घेत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. "मुलींना धाप लागेल," ती इंग्रजीत म्हणाली, "पण मजा येईल."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत निवड झाली. शाळेचा ग्रामोफोन चावीचा होता. त्यावर वर्षानुवर्षं कवायतीची एकच तबकडी वाजत असे. चावी द्यायला मी होते. पहिल्या तबकडीत एक पुरुष गात होता. आवाज जड, लांबत जाणारा.

"हा माणूस प्यालाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "काढ ती."

"काय बरळतोय मेला कोण जाणे," गणिताच्या बाईंनी पुस्ती जोडली. "शब्द नकोतच बाई."

दुसरीत नुसते कर्णे होते. ती वरातीला शोभेल असं ठरलं. तिसरीत व्हायोलिनं होती. ती संथ, जरा पेंगत वाजली. मोठ्या बाईंनी टेबलावर बोटांनी ठेका धरला. "ही सभ्य आहे," त्या म्हणाल्या. "ही घ्या."

हीच तबकडी मड्डमकडे जवळजवळ दीडपट वेगानं वाजली होती. शाळेच्या यंत्राची स्प्रिंग थकली होती, आणि खोलीत हे फक्त मला माहीत होतं. मोठ्या बाईंसमोर बोलायची सोय नव्हती. तालमीच्या वेळी शिवणाच्या बाईंना सांगायचं मी ठरवलं.

पहिल्या तालमीला त्यांनी आम्हा आठजणींना उभं केलं आणि मला पुढच्या रांगेतून काढून मागे नेलं. "तुझी पावलं जड पडतात गं. मागे राहा, म्हणजे दिसायची नाहीत."

सगळ्या हसल्या. मी सांगितलं नाही.

तीन आठवडे त्या 'एक-दोन-तीन' मोजत राहिल्या. आठही झगे त्यांनी स्वतः शिवले. माझा सगळ्यांत नीट बसला. घरी मागच्या अंगणात मी मड्डमकडची चाल गुणगुणत त्या वेगानं सराव करत असे.

संमेलनाच्या संध्याकाळी लाउडस्पीकरवाल्यानं विजेवर चालणारं यंत्र आणलं होतं. पडदा उघडला आणि तबकडी तिच्या खऱ्या वेगानं सुरू झाली. दुसऱ्याच गिरकीला दोघी एकमेकींवर आदळल्या. पुढच्या रांगेतली एक झग्यावर पाय पडून खाली बसली आणि बसूनच राहिली.

"पळा गं, गाडी सुटली!" मागून कुणी तरी ओरडलं. मांडवभर हशा झाला. विंगेत शिवणाच्या बाई मोठमोठ्यानं मोजत होत्या. मग मोजणं थांबलं आणि नुसता हात हलत राहिला. मी एकही पाऊल चुकले नाही. पाहुणीनं नंतर माझ्या गालावर थोपटलं.

"तुला कसं गं जमलं?" शिवणाच्या बाईंनी विचारलं.

"घरी सराव केला."

"बघा," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "घरी सराव केला तिनं."

शनिवारी तबकड्या परत करायला त्या माझ्याबरोबर आल्या. आभार मानायचे होते. मड्डमनं चहा दिला आणि हौसेनं तिसरी तबकडी लावली. बाईंचे ओठ सवयीनं मोजू लागले आणि मध्येच थांबले.

"तू न्यायला आलीस तेव्हाही अशीच वाजली होती?"

"हो."

मड्डमला मराठी येत नव्हतं. नाच कसा झाला, तिनं विचारलं. छान झाला, असं बाईंनी इंग्रजीत सांगितलं आणि चहा संपवला.

परतताना फाटक बंद होतं. मालगाडी जात होती.

"मोठ्या बाईंना एवढंच सांग," त्या म्हणाल्या, "की यंत्र वेगळं होतं. मी सांगितलं तर सबब वाटेल. तुझं ऐकतील. सांगशील ना?"

"सांगेन."

त्यांनी मला दुसरं काहीही विचारलं नाही.

सोमवारी मोठ्या बाईंनीच मला बोलावलं. पाहुणीनं माझ्यासाठी फाउंटन पेन पाठवलं होतं. पेन हातात दिल्यावर मी तिथेच उभी राहिले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काही सांगायचंय?"

मी नाही म्हणाले.

गुरुवारी शिवणाच्या तासाला नव्या बाई आल्या. आधीच्या बाईंनी शिकवलेली काजं त्यांना पसंत पडली नाहीत. त्यांनी ती सगळ्यांना उसवायला लावली. मी माझी उसवली.