अर्थ नंतर सांगतो

"आई नाही ना गं तुला? ही कोण, मावशी का?"

लातूरच्या एका हॉलमध्ये एका बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवत मला हे विचारलं. चांगल्या घरची बाई. डोळे ओले झालेले. मी नुकतीच स्टेजवरून खाली उतरले होते. इंग्रजीत भाषण करून. आणि माझ्या शेजारी चहाच्या कपांचा ट्रे धरून माझी माय उभी होती. धडधाकट. पदर खोचलेला, कपाळावर कुंकू.

माय म्हणाली, "म्या मायच हाय तिची."

बाईनं मायकडं पाहिलं, मग माझ्याकडं. डोक्यावरचा हात काढून घेतला. मोठ्यानं म्हणाली, "भूकंपाच्या नावावर काय काय करतात हे लोक! स्टेजवरून सांगायचं आई मेली, आणि आई इथं चहा वाटतेय!"

माणसं वळून बघायला लागली. आई मेली असं मी कधी म्हणाले, हेच मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात आमच्या क्लासचे सर आले. हसत आले. बाईला म्हणाले, "गैरसमज झालाय, ताई. ही आमच्याकडं कामाला असते. पोर हिला सवयीनं आई म्हणते, एवढंच."

मायनं माझ्याकडं पाहिलं. मी बोलेन म्हणून पाहिलं. मी बोलले नाही. सरांपुढं बोलायची माझी छाती नव्हती. माय ट्रे घेऊन मागच्या दारानं बाहेर गेली आणि कप विसळायला बसली. तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

आता मागचं सांगते. आमचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपात सगळं गाव बसलं. आमच्या घराच्या दगडामातीखाली माझी धाकटी बहीण गेली. छबू. सहा वर्षांची. आबा, म्हणजे माझे वडील, पत्र्याच्या शेडात राहून शेत बघायला लागले आणि माय मला घेऊन लातूरला आली. तिच्या डोक्यात एकच होतं, पोरगी शिकली पाहिजे. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. भिंतीभिंतींवर गुणवंतांचे फोटो. माय ज्या घरी धुणंभांडं करायची, ते घर इंग्रजीच्या एका सरांचं. आजोबा मास्तर, वडील मास्तर, आणि आता यांचा क्लास. 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी' असा बोर्ड होता.

सर मायला म्हणाले, "पोरगी हुशार आहे. हिला मी फुकट शिकवतो."

माय त्यांच्या पाया पडली. मलाही पडायला लावलं. मला तेव्हा सर देवमाणूस वाटले. खोटं कशाला सांगू, पुढं दीड वर्ष वाटत राहिले.

नवी बॅच सुरू व्हायच्या आधी सर हॉल घ्यायचे आणि पालकांना बोलवायचे. मग क्लासचा एखादा विद्यार्थी स्टेजवर उभा करून त्याच्याकडून इंग्रजी बोलवून घ्यायचे. याला डेमो म्हणत. सरांनी डेमोसाठी मला निवडलं आणि स्वतःच्या हातानं दोन पानं लिहून दिली. लांबलचक वाक्यं. जड शब्द. शाळेत मी पाचवीपासून इंग्रजी शिकत होते, तरी त्यातला एखादाच शब्द ओळखीचा निघायचा.

मी विचारलं, "सर, याचा अर्थ काय?"

"अर्थ नंतर सांगतो. आधी तोंडात बसू दे."

आठवड्यानं परत विचारलं. तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वैतागले. "एसटी चालवणारा इंजिन उघडून बघतो का? म्हण पुढं."

मी म्हटलं. पाठांतराची आम्हाला सवयच होती. कविता पाठ, व्याख्या पाठ, गणितंसुद्धा पाठ. कळलं नाही तर पाठ करायचं, हीच रीत. मायबरोबर भांडी विसळताना मी ती दोन पानं घोकायची. माय हातातला तांब्या तसाच धरून ऐकायची.

"लई गोड वाटतंय गं. काय म्हणलीस त्यात?"

'मदर' हा शब्द मधे येतो, एवढं मला कळत होतं. मी म्हणाले, "तुझ्यावरच हाय माय ते."

ती लाजली. पदर तोंडाला लावून हसली.

मला तेव्हा इंग्रजीत पाणी मागता येत नव्हतं. डोकं दुखतंय म्हणता येत नव्हतं. रस्ता विचारता येत नव्हता. पण ती दोन पानं मी एका दमात म्हणायची. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायका डोळे पुसायच्या, मागचे लोक पुढच्यांकडं बघून टाळ्या वाजवायचे. मला वाटायचं, माझ्या इंग्रजीनं भारावलेत. केवढी मिजास होती मला! क्लासमधल्या पोरींशी मी धड बोलतसुद्धा नव्हते.

ती बाई भेटली त्या दिवशी कप कमी पडले म्हणून सरांनी मायला हॉलवर बोलावून घेतलं होतं. तिनं माझं भाषण पहिल्यांदाच स्टेजवर ऐकलं. दारात उभी राहून.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रंथालयात डिक्शनरी घेऊन बसले. एकेक शब्द काढला. वहीत ओळीनं अर्थ लिहिले. तास बुडवला. दुपारपर्यंत भाषणाचं मराठी माझ्या पुढ्यात होतं. माझी जन्मदाती मातीत गाडली गेली. तिचा हात माझ्या हातातून सुटला. मी अनाथ आहे, आणि या क्लासनं मला पोटाशी धरलं.

छबूचं नाव कुठंच नव्हतं. माझी जी खरंच गेली, ती त्या दोन पानांत नव्हती. आणि जी जिवंत होती, रोज सरांच्या खरकट्या ताटांवरून हात फिरवत होती, तिला मी दीड वर्ष स्टेजवर मारत होते. स्पष्ट उच्चारात.

मी वही घेऊन सरांकडं गेले. वाटलं होतं, ओशाळतील. निदान चिडतील. सरांनी वही चाळली आणि म्हणाले, "छान! डिक्शनरी बघायला शिकलीस की."

"सर, माझी माय जिवंत हाय. बहीण गेली माझी."

"बहीण गेली म्हटलं की लोक नुसते हळहळतात. आई गेली म्हटलं की पोराचं नाव घालून जातात. तुझं काय गेलं त्यात? टाळ्या तुलाच मिळतात ना? पुढच्या आठवड्यात नांदेडला शाखा उघडायचीय. तयारी कर."

चिडले असते तर बरं झालं असतं. हा माणूस शांत होता. याच्या पाया पडले होते मी.

मायला मी सगळं सांगितलं. ती कढई घासत होती. घासायची थांबली नाही. कढई पालथी घातली आणि म्हणाली, "म्या बी टाळ्या वाजिवल्या गं. समद्यात जोरात."

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडायलीस कशाला? नांदेडला जा. काय बोलायचं ते तुझं तू ठरीव. माझं काम गेलं तर दुसरी घरं हाईत."

नांदेडचा हॉल भरलेला होता. उमरीचे, देगलूरचे पालक, मांडीवर पोरं घेऊन बसलेले. कोपऱ्यात कुणी तेलुगूत बोलत होतं. पुढं सोफ्यावर पाहुणे. सरांनी माझी ओळख करून दिली. "या पोरीवर काय कोसळलं, ते तिच्याच तोंडून ऐका."

मी माईकपाशी गेले. पाठ केलेलं पहिलं वाक्य जिभेवर आलं. सवयीनं आलं. ते गिळलं. आणि घरी जुळवलेली तीन वाक्यं म्हणाले. "माय मदर इज अलाइव्ह. शी वॉशेस प्लेट्स इन सर्स हाउस. माय सिस्टर डाइड."

माझी स्वतःची पहिली तीन इंग्रजी वाक्यं. सोफ्यावरचे पाहुणे चपापले. सरांचा चेहरा उतरला.

आणि मागच्या लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या.

त्यांना काही कळलंच नव्हतं. पोरगी इंग्रजी बोलली, म्हणून टाळ्या. माझ्या मायनं वाजवल्या तशाच. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरांचा सगळा धंदा आमच्या न कळण्यावर चालत होता. आम्हाला कळलं की तो बंद.

मी माईक घट्ट धरला. "टाळ्या वाजवू नका. म्या काय म्हणले ते मराठीत ऐका. माझी माय मेली न्हाई. सर मला खोटं बोलायला लावायलेत. अर्थ न सांगता."

टाळ्या थांबल्या. माईक बंद पडला, म्हणजे बंद केला. तोवर बोलून झालं होतं.

क्लास सुटला, मायचं काम सुटलं. त्या गल्लीतल्या दुसऱ्या घरांनीही तिला काम दिलं नाही. आम्ही गावाकडं परतलो. तिथं नव्या वस्तीच्या दवाखान्यात केरळची एक नर्स होती. तिला मराठी येत नव्हतं, बायकांना इंग्रजी येत नव्हतं. मी मधे उभी राहायला लागले. कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, काय खाल्लं. ही वाक्यं मला कुणी लिहून दिली नाहीत. चुकले की नर्स हसायची, मीही हसायची. बोलत बोलत मला इंग्रजी आलं ते असं.

आज मी उमरीजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. पोरांना पहिल्या दिवशी सांगते, अर्थ कळल्याशिवाय एक वाक्य बोलायचं नाही, मग मास्तर कितीही मोठा असू दे. मीसुद्धा.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. क्लासची आता मोठी इमारत झाली आहे. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे म्हणाले. "झालं गेलं विसरून जा. तू आमच्या क्लासचं नाव काढलंस. स्टेजवर दोन शब्द बोल. इंग्रजीत. मी लिहून पाठवतो."

लिहून पाठवतो!

मी म्हणाले, "येते. कागद नको."

माय आता थकली आहे, पण बरोबर येणार आहे. तिला पहिल्या रांगेत बसवणार आहे, सोफ्यावर. तिच्या हातात ट्रे नसेल. छबूचं नाव मी त्या स्टेजवरून घेणार आहे आणि सरांनी काय केलं तेही सांगणार आहे. मी काय काय बोलणार, ते घरून निघायच्या आधीच मायला मराठीत सांगणार आहे, शब्द न् शब्द.

टाळ्या वाजवायच्या की नाही, ते तिचं ती ठरवेल.