बाबांचे तळवे

माणसाच्या शरीरात दोनशे सहा हाडं असतात आणि त्यांतली बावन्न नुसत्या दोन पावलांत असतात, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. मुलं चकित होतात, खाली वाकून आपले पाय बघतात. पूर्वी मलाही हे सांगताना गंमत वाटायची. आता मी ते वाक्य पटकन उरकते.

माझे बाबा मिठागरात काम करायचे. आमचं गाव रेवसच्या आतल्या अंगाला, खाडीकडेला. घरातली मी पहिली पदवीधर, तीही विज्ञानाची, आणि ते शिक्षण त्यांच्या पायांवर उभं राहिलं. पावसाळा संपला की मिठाच्या वाफ्यांचा तळ पुन्हा नव्याने करावा लागतो. माणसं खांद्याला खांदा लावून ओल्या मातीत उभी राहतात आणि दिवसचे दिवस ती टाचांनी तुडवतात. तळ दगडासारखा झाला नाही तर पुढे मिठात माती येते. हे सगळं अनवाणी. चपला बांधावर काढायच्या. वाफ्यात चप्पल घालून उतरणं म्हणजे वाढलेल्या पानात पाय ठेवणं, असं आमच्यात मानतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाय फुटतात, खाऱ्या पाण्याने रात्रंदिवस चरचरतात. मग कातडी जाड होते आणि लोक म्हणतात, "याचा पाय मुरला." पाय मुरला म्हणजे माणूस कामाचा झाला.

बाबांचा पाय गावात सगळ्यांत मुरलेला. विडीचं पेटतं थोटूक ते टाचेखाली चिरडून विझवायचे. पन्नाशीच्या आसपास तर ते सांगायला लागले की आता काही म्हणजे काहीच लागत नाही. त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षं माती तुडवलेला एक जोडीदार होता, आम्ही त्याला काका म्हणायचो. तो ओट्यावर बसून चिडवायचा, "नाल ठोकून घे रे पायाला. गाडीला जुंपतो तुना." बाबा खूश व्हायचे.

मला शाळेत नोकरी लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी विज्ञान दिनाला मी 'आपलं अजब शरीर' असा कार्यक्रम केला. तळपायाची कातडी शरीरात सगळ्यांत जाड असते, हे फळ्यावर लिहिण्यापेक्षा दाखवावं असं माझ्या मनात आलं, आणि मी बाबांना शाळेत बोलावलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. मुख्याध्यापकांनी त्यांना खुर्ची दिली. माझ्या बापाला त्या शाळेत खुर्ची मिळाली म्हणून माझे डोळे भरून आले होते. मी शिवायची सुई घेतली आणि त्यांच्या टाचेत रोवली.

"बाबा, दुखतंय?"

"न्हाय गो."

"आता?"

"अगो न्हाय. जोर लाव जरा, पोरांना वाटंल बाप न्‌ लेक नाटक करतान."

वर्ग हसला, टाळ्या पडल्या. बाबा रंगात आले. पाय उलटा करून म्हणाले, "खालीच कशाला? हितं वर टोच." मी पावलावर वरच्या बाजूला टोचलं. त्यांनी मुलांकडे बघून नकारार्थी मान हलवली. पुन्हा टाळ्या.

पावलाच्या वरच्या बाजूची कातडी पातळ असते. बाबांचीही असणार, माझीही आहे. तिथे सुई टोचली तर माणूस ओरडतो. हे मला ठाऊक होतं. मी ते शिकवत होते. पण मी सुई पुसली आणि मुलांना म्हणाले, "बघा, कष्टाने शरीर कसं घडतं."

त्यानंतर दोन वर्षांनी बांधावरच्या फळीचा गंजका खिळा त्यांच्या डाव्या तळव्यात घुसला. तो घेऊन ते चार दिवस चालले. पाचव्या दिवशी आईला लादीवर डाग दिसले आणि वास आला. मी त्यांना तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी खिळ्याची जखम बघितली आणि मग उजवा पायही पुढे घ्यायला सांगितला. त्यांच्या हातात नायलॉनचा एक बारीक तुकडा होता.

"डोळे मिटा, आजोबा. मी हे टेकवते. कळतंय का सांगा."

बाबांनी डोळे मिटले. चेहरा शाळेतल्यासारखाच.

"कळलं?"

"न्हाय."

"इथे?"

"न्हाय."

"आणि हे, वरच्या बाजूला?"

"न्हाय!" म्हणाले, आणि एक डोळा उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. पास झालो ना, असं विचारत होते ते.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "साखर कधी तपासली होती?"

कधीच नाही. त्यांनी मला समजावलं. शरीरातले सगळ्यांत लांब मज्जातंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि वाढलेली साखर आधी त्यांनाच खाते. "किती वर्षांपासून लागत नाहीये यांना?"

"लय वर्सं, बाय," बाबांनीच उत्तर दिलं. "आमचा पाय मुरलाय."

शाळेतल्या त्या कार्यक्रमाबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

रेवसहून लाँचने आम्ही त्यांना मुंबईला नेलं. पायाला गुंडाळलेल्या कपड्यावर माश्या बसत होत्या आणि शेजारच्या बाईने जागा बदलली. आधी दोन बोटं गेली. तीन आठवड्यांनी गुडघ्याच्या खालपासून पाय गेला. परीक्षेचा निकाल लागला की मी त्या पायावर डोकं ठेवायचे, पण तळवा कसा दिसतो हे मी कधी उलटून बघितलं नव्हतं.

घरी आल्यावर काका भेटायला आला. बाबांकडे बघवेना, म्हणून माझ्याकडे बघत म्हणाला, "बापजाद्यांपासून आगरात उतरतंव. पाय कुनाचा गेला न्हाय. ही शिकली न्‌ बापाचा पाय कापून आनला."

बाबा काही बोलतील म्हणून मी थांबले. ते भिंतीकडे बघत राहिले.

"काका, तुझीही साखर तपासून घेऊ या," मी म्हणाले. "तुझाही पाय मुरलाय ना?"

"मना काय धाड भरलीय?" त्याने ओट्यावर पाय आपटला आणि अनवाणीच निघून गेला.

उजवा पाय रोज तपासायचा, बोटांच्या बेचक्यातसुद्धा बघायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. पहिल्या दिवशी मी कापूस घेऊन बसले तेव्हा बाबांनी पाय गोधडीखाली ओढून घेतला. "एक घेतलास," ते म्हणाले. "ह्यो माझा हाय."

आता मी शाळेतून आल्यावर, ते दुपारचे झोपलेले असताना गोधडी उचलते. टाच बघते, एकेक बोट बाजूला करते, अंगठ्याचं नख दाबते, कुठे काही रुतलंय का ते चाचपते. आज ना उद्या एकदा तरी ते दचकून जागे होतील आणि पाय झाडून माझ्यावर ओरडतील, म्हणून मी कधीकधी जरुरीपेक्षा जास्त जोर लावते. ते घोरत राहतात.